नसलेल्या बाईची नथ

आपल्याकडे बारशाला बाळ पाळण्यात असतं आणि जमलेली मंडळी त्याची वाटणी करून मोकळी होतात. नाक वडिलांचं, कपाळ आत्याचं, कानाच्या पाळ्या थेट पणजोबांच्या. उरलंसुरलं आईकडच्यांना. ही खोड हाडात इतकी मुरलेली की 'धिस पर्सन डझ नॉट एक्झिस्ट' या संकेतस्थळावरचे चेहरे बघतानाही मी त्यांचे नातेवाईक शोधत बसते.

फिलिप वँग यांनी ते फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू केलं. पान रिफ्रेश केलं की नवा चेहरा, आणि तो माणूस जगात नाहीच. त्यामागची स्टाइलगॅन ही एनव्हिडिया कंपनीची चेहरे घडवणारी संगणक-प्रणाली फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० फोटोंवर शिकली. म्हणजे नातेवाईक आहेत, चांगले ७०,००० आहेत. फक्त त्यांतल्या एकालाही बारशाचं आमंत्रण नव्हतं.

खरी मजा चुकांत. एका कानात झुमका, दुसऱ्यात खडा. चष्म्याची एक काडी कानापर्यंत पोचलेली, दुसरी केसांत विरलेली. शेजारी कुणी उभं असलंच तर त्याचं तोंड बघवत नाही. पुढच्या आवृत्त्यांत हे दोष कमी झाले आणि माझा रसही. त्याच जातीच्या यंत्राने काढलेलं 'एडमाँड द बेलामी' हे पोर्ट्रेट क्रिस्टीज या लिलावघराने २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ४,३२,५०० डॉलरना विकलं. चेहरा पुसट, नाकाडोळ्यांचा पत्ता नाही आणि सहीच्या जागी गणिताचं सूत्र. (सहीचा हा चावटपणा मला अजिबात आवडलेला नाही.) पण ते अर्धवट आहे म्हणून लक्षात तरी राहतं.

सेल्फी फिल्टरचं सगळं उलटं. तिथे चेहरा तुम्ही आणायचा. फोन त्यावर बिंदूंचं जाळं पसरतो (गूगलच्या मीडियापाइप या प्रणालीत हे बिंदू ४६८) आणि मान वळेल तसं ते रंगासकट वळत राहतं. योहाना यास्कोव्स्का या बर्लिनच्या कलावतीने 'ब्युटी ३०००' या फिल्टरमध्ये चेहऱ्यावर चकचकीत प्लास्टिकसारखी कातडी चढवली. गाल गोरे करणाऱ्या आणि नाक चिमटीत धरून बारीक करणाऱ्या फिल्टरांपेक्षा मला ती कितीतरी प्रामाणिक वाटली.

मग एकदा दोन्हींची गाठ घालून दिली. लॅपटॉपवर एक नसलेली बाई उघडली, समोर फोन धरला आणि नथ-चंद्रकोरीचा फिल्टर लावला. फोनने जराही आढेवेढे घेतले नाहीत. बाई ढिम्म, नथीचा मोती मात्र डुलतोय. लॅपटॉप तिरका केला तर चंद्रकोरही तिरकी झाली. शहाणपणाने तिथेच थांबायचं, तर मी फोन भिंतीकडे वळवला. हार घातलेल्या फोटोतले आजोबा, मिशांवर नथ! आई ओरडली, "अगं, काय चालवलंयस!" आणि मग हळूच म्हणाली, "एक काढून ठेव."

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे आदिवासींच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, मुखवटा चढवला की आतल्या माणसाचा देव होतो. रोज दिसणारा ओळखीचा माणूस आत आहे हे माहीत असूनही लोक हात जोडतात. किंबहुना म्हणूनच त्या नाचण्याला अंगावर काटा आणायची ताकद. फोनला आत कोण आहे याचं सोयरसुतक नाही. जिवंत, वारलेला की कधी जन्मालाच न आलेला, बिंदू जुळले की नथ. मला हे आधी हास्यास्पद वाटलं, मग थोडं भीतिदायक, आणि चित्रं करायला अतिशय सोयीचं. नसलेल्या बायकांची एक अख्खी पंगत मी नटवून ठेवली आहे.

१४ जानेवारी २०२५ ला मेटाने बाहेरच्या कलाकारांचे फिल्टर इन्स्टाग्रामवरून काढून टाकले. वर्षानुवर्षांचं काम, आणि ते कुणाच्या तरी चेहऱ्यावर असतानाच दिसणारं. आता उरले ते लोकांचे फोटो आणि व्हिडिओ. बोहाड्याचे मुखवटे निदान पुढच्या वर्षासाठी जपून ठेवता येतात. फोनमधले हे मुखवटे मात्र करणाऱ्याच्या ताब्यात कधी नव्हतेच.