कॅसेटच्या दुकानातला जॅझचा कप्पा

दुकान मूळचं वडिलांचं, म्हणजे दादांचं. पुण्यात सदाशिव पेठेत, भावगीतं, नाट्यगीतं आणि आरत्यांच्या कॅसेटचं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडले तर कॅसेटला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. २००९ मध्ये मी मागच्या भिंतीला एक कप्पा केला आणि जॅझ-ब्लूज या अमेरिकन संगीताच्या जुन्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, लावल्या. दादा म्हणाले, "हे कोण घेणार?" सहा महिने कोणीच घेतलं नाही.

वाट दाखवली ती सी. रामचंद्रांनी. 'अलबेला'ची गाणी मागायला लोक यायचेच. त्यांना सांगायचो, त्यात ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट गोव्याचा. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि लगेच खऱ्या आर्मस्ट्राँगवर, म्हणजे जॅझमधल्या त्या अमेरिकन ट्रम्पेटवाल्याच्या रेकॉर्डवर, सुई ठेवायची. दहातले दोघं तरी थांबत.

तेव्हा हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका संध्याकाळी येऊन बसत. विकत कधीच काही घेतलं नाही. एकदा जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत लावली होती. काकांच्या मांडीवर दुरुस्तीला आलेली हार्मोनियम. एक सूर दाबून म्हणाले, "चढी वाजतेय रे. तुझं मशीन पळतंय." मी पट्टा बदलला, वेग तपासला, सगळं बरोबर. रेकॉर्ड उलटली तर म्हणाले, "आता ठीक."

मला वाटलं, थट्टा करतायत. पुढे वाचलं तेव्हा कळलं. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ च्या. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं टेप मशीन जरा हळू चाललं, म्हणून त्या नेहमीच्या वेगाने वाजवल्या की किंचित वर ऐकू येतात. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती नीट. चूक सुधारली थेट १९९२ मध्ये. काकांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?"

तेव्हापासून त्या एलपीवर आम्ही चिठ्ठी लावतो: 'पहिली बाजू चढी' किंवा 'दुरुस्त'. सोबत वाजवून रियाज करणारे दुरुस्त मागतात. हौशी संग्राहक मुद्दाम चढी नेतात, जास्त पैसे देऊन.

माझी सगळ्यात महाग चूक पावसाळ्यातली. एलपीवर बुरशी धरते. ती आम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसतो. एका वाड्यातून ब्लूज गायिका बेसी स्मिथची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी आली होती, तीही त्याच फडक्याने पुसली. फडकं काळं झालं आणि तबकडीची चकाकी गेली. एलपी प्लास्टिकच्या, पण ७८ च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तो रोज चपडी लाख स्पिरिटमध्येच भिजवतो. रेकॉर्ड कंपन्यांना लाख जायची तीही मुख्यतः आपल्याच देशातून. तेव्हा कदाचित इथली लाख अमेरिका फिरून परत आली, आणि मी ती पुसून टाकली. दादा काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

ब्लूजमध्ये सगळ्यात जास्त जाते ती बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल', शिकागोच्या थिएटरात नोव्हेंबर १९६४ मध्ये टिपलेली. गिटारच्या एकेका जागेवर लोक ओरडतात. मैफलीतली दाद ठाऊक असलेल्याला तिथे इंग्रजीची गरजच पडत नाही. रॉबर्ट जॉन्सन मात्र खपत नाही. १९३६ आणि ३७ मध्ये टेक्सासात, दोनच खेपांत २९ गाणी गाऊन १९३८ मध्ये गेलेला माणूस. आवाज लांबून, खरखरीतून येतो. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, रेकॉर्ड खराब आहे का?

आता मागच्या भिंतीवर चार कप्पे आहेत. आरत्या अजून पुढच्या काचेत. गणपतीत एखादी जातेच. जॉन्सनच्या गाण्यांच्या १९६१ च्या संग्रहाची एक प्रत गल्ल्यामागे ठेवली आहे. तीनदा गिऱ्हाईक आलं, तीनदा मी भाव वाढवून सांगितला.