साखर, कच्चे तेल आणि इंचांचे बोल्ट : क्यूबाचे अमेरिकेशी कसे फाटले

क्यूबा आणि अमेरिकेचे वैर म्हटले की बहुतेकांना १९६२ ची क्षेपणास्त्रे आठवतात. पण तोवर फाटायचे ते फाटून झाले होते. खरी तोडातोड मे १९५९ ते ऑक्टोबर १९६० या काळात झाली, आणि ती समजून घ्यायची तर मार्क्सआधी ऊस पाहावा लागतो.

फिडेल कॅस्ट्रोच्या १९५९ च्या क्रांतीआधी क्यूबाची निम्म्याहून जास्त साखर अमेरिकेत जाई, वर्षाला सुमारे तीस लाख टन. अमेरिकी साखर कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा ठरे. तिथल्या शेतकऱ्यांसाठी देशातला भाव चढा ठेवलेला असल्याने क्यूबालाही जागतिक बाजारापेक्षा पौंडामागे सुमारे दोन सेंट जास्त मिळत. बदल्यात अमेरिकी मालाला क्यूबात जकातीची सवलत होती. त्यामुळे साखर सोडून दुसरा मोठा उद्योग तिथे फारसा उभाच राहिला नाही. गळीत हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा, बाकीचे वर्ष तोडणी कामगार रिकामे. आणि ज्या कोट्यावर देश चालायचा तो वॉशिंग्टनच्या हातात.

पहिली ठिणगी जमिनीची. १७ मे १९५९ च्या कायद्याने कमाल मर्यादा ४०२ हेक्टर, म्हणजे जवळपास हजार एकर ठरली. भरघोस पीक देणारा ऊस, भात आणि पशुपालन यांना त्याहून तिप्पट सूट. आपल्याकडच्या बारमाही बागायतीच्या १८ एकरांच्या सीलिंगपुढे ही मर्यादा फारच सैल. वाद मर्यादेचा कमी आणि मोबदल्याचा जास्त होता. मोबदला वीस वर्षांच्या रोख्यांत, व्याज जास्तीत जास्त साडेचार टक्के, आणि किंमत मालकांनी करासाठी स्वतः जाहीर केलेली. वर्षानुवर्षे कर वाचवायला जमीन स्वस्त दाखवलेल्या कंपन्या आता स्वतःच्याच आकड्यात अडकल्या. अमेरिकेचे म्हणणे होते की मोबदला तत्काळ, पुरेसा आणि प्रत्यक्ष हाती पडणारा हवा. क्यूबाच्या तिजोरीत तेवढे डॉलर नव्हतेच.

डॉलरची हीच चणचण पुढच्या पायरीला कारण झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान हवानात आले. करार झाला : त्या वर्षी ४ लाख २५ हजार टन आणि पुढची चार वर्षे दरसाल दहा लाख टन साखर सोव्हिएत संघ घेणार, वर अडीच टक्क्यांनी दहा कोटी डॉलरचे कर्ज. साखरेच्या किमतीतला पाचवा हिस्सा डॉलरमध्ये, उरलेला मालात. त्या मालात कच्चे तेल होते.

तेल शुद्ध करणार कोण? सांतियागोत टेक्साको, हवानात एसो आणि शेल. या कंपन्या आपले व्हेनेझुएलातले तेल आणून शुद्ध करत आणि क्यूबाकडे त्यांची मोठी थकबाकी होती. सरकार १९३८ च्या कायद्यावर बोट ठेवून म्हणाले की सरकारी तेल शुद्ध करणे तुम्हाला बंधनकारक आहे. कंपन्यांचे उत्तर : सरकारी तेल म्हणजे क्यूबाच्या भूमीतून निघालेले, सोव्हिएत नव्हे. तरीही निषेध नोंदवून काम करायची त्यांची तयारी होत आली होती. तेव्हा अमेरिकेचे अर्थमंत्री रॉबर्ट अँडरसन यांनी नकार द्यायला सुचवले. माझ्या मते सगळ्या भांडणातली सर्वांत महागडी चूक ही. २९ जूनला टेक्साकोची आणि १ जुलैला उरलेल्या दोघांची रिफायनरी सरकारने ताब्यात घेतली, आणि सोव्हिएत तेलावर चालवूनही दाखवली.

६ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या वर्षाच्या कोट्यातली उरलेली सात लाख टन साखर कापली. मॉस्कोने ती लगेच उचलली, म्हणजे दबाव टाकायला ठेवलेली काठी पहिल्याच फटक्यात मोडली. त्याच दिवशी क्यूबाने अमेरिकी मालमत्तांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा क्र. ८५१ केला. त्यातले कलम खवचट आहे : मोबदला किमान तीस वर्षांच्या रोख्यांत, व्याज दोन टक्के, आणि पैसा अमेरिकेने तीस लाख टनांच्या वर, पौंडाला किमान ५.७५ सेंटने घेतलेल्या साखरेतून. कोटाच कापला गेल्यावर हा निधी कधी भरणार नव्हता, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ऑगस्टमध्ये अमेरिकी मालकीच्या वीज व टेलिफोन कंपन्या आणि ३६ साखर कारखाने सरकारजमा झाले. १९ ऑक्टोबरला अमेरिकेने अन्न-औषधे वगळून निर्यात थांबवली, ३ जानेवारी १९६१ ला संबंध तोडले आणि एप्रिलमध्ये हिरोन किनाऱ्यावर (‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम) सुमारे १,४०० सशस्त्र क्यूबन निर्वासित उतरवून तीन दिवसांत हात पोळून घेतले.

यापुढची अडचण पुस्तकांत कमी सापडते. क्यूबातली सगळी यंत्रे अमेरिकी : इंचांचे आटे, ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज. पूर्व युरोपातून आलेली यंत्रे मिलिमीटरची आणि ५० हर्ट्झची. तशी मोटर ६० हर्ट्झवर लावली की एक पंचमांश जास्त वेगाने फिरते. पंप आणि पंख्यांवर भार वाढतो, मोटर तापते. इंचाच्या आट्याला मिलिमीटरचा बोल्ट बसत नाही, मग एका वॉल्व्हसाठी मिल बंद. मिल बंद तर तोडलेला ऊस शेतात वाळणार, आणि दोन दिवसांत उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरणार. साखरपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. शिवाय पूर्वी माल फ्लोरिडातून फेरीबोटीने थोडाथोडा येई, म्हणून बंदरांत मोठी गोदामेच नव्हती. आता तोच माल दहा हजार किलोमीटरहून लांबून, अख्खे जहाज भरून, एकदम येऊ लागला. ठेवायचा कुठे? त्यात इंजिनिअर मायामीला निघून गेलेले.

उसाचेही हाल झाले. एकाच पिकावरचे अवलंबित्व तोडायचे म्हणून काही लागवड मोडली, जुन्या खोडव्यांच्या जागी नवी लागण वेळेवर झाली नाही, तोडणारे शहरात गेले, वर दुष्काळ. १९६१ चे ६८ लाख टन १९६३ मध्ये ३८ लाखांवर आले. मग दुसरे टोक : १९७० साठी एक कोटी टनांचे लक्ष्य. शिक्षक, कारकून, सैनिक सगळे कोयता घेऊन फडात. हंगाम ताणत नेला, पण थंड-कोरडे दिवस सरल्यावर उसातली साखर उतरते आणि नवखा तोडणारा बुडखा उंच सोडतो, जिथे साखर सर्वांत जास्त असते. ८५ लाख टन झाले. विक्रमच, पण बाकीचे उद्योग त्यात कोलमडले, आणि २६ जुलैच्या भाषणात फिडेलने अपयश कबूल केले. एकट्या महाराष्ट्राने २०२१-२२ च्या हंगामात १३७ लाख टन साखर काढली. त्याच हंगामात क्यूबाची पाच लाखांनाही पोचली नाही.

क्यूबाच्याच भूमीवरचा ग्वांतानामोचा अमेरिकी नौदल तळ मात्र या सगळ्यात तसाच राहिला. १९३४ च्या तहानुसार दोघांच्या संमतीशिवाय किंवा अमेरिकेने स्वतः सोडल्याशिवाय भाडेकरार संपत नाही. भाडे वर्षाला ४,०८५ डॉलर. १९५९ चा एक धनादेश वटला, नंतरचे क्यूबाने वटवलेच नाहीत. फेब्रुवारी १९६४ मध्ये क्यूबाने तळाचे पाणी तोडले. अमेरिकेने आधी जहाजांतून पाणी आणले, मग समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प बसवला. त्या नळाचा दाबही तिथेच संपला.

निर्बंधांची आजची वीण जास्त चिवट आहे. १९९२ च्या कायद्याने क्यूबात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही. त्यामुळे जहाज कंपन्या भाडे वाढवून मागतात किंवा येतच नाहीत. व्यवहार डॉलरमध्ये असला तर बँकाही हात आखडतात : २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाच्या व्यवहारांपायी अमेरिकेला ८.९ अब्ज डॉलर दंड भरला. २००० च्या कायद्यामुळे अमेरिकी कोंबडी क्यूबाला मिळते, पण पैसे आधी रोख मोजून. आणि १९९६ च्या कायद्याने निर्बंध संसदेच्या हातात गेल्यामुळे एकटा राष्ट्राध्यक्ष ते उठवू शकत नाही. ओबामांनी २०१५ मध्ये दूतावास उघडला, निर्बंधांचा कायदा मात्र जागचा हलला नाही.