तुरुंगातून घटस्फोट: कागद अडतो तिथे

बुधवार, रात्री

आज दिवसभर एकच विचार डोक्यात आहे. आत असलेल्या माणसाचा घटस्फोट कायद्यात क्वचित अडतो, कागदात मात्र हटकून अडतो.

जोडीदार आत गेला की लग्न आपोआप मोडतं, ही समजूत फार पसरली आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये तुरुंगवास हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारणच नाही. क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग असं काही सिद्ध करावं लागतं आणि पोलिसांनी नेलेला माणूस तेवढ्याने ‘सोडून गेला’ असं ठरत नाही. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल, तर जोडीदार सात वर्षांची किंवा त्याहून जास्त शिक्षा भोगत असणं हे कारण चालतं. मुस्लिम पत्नीला 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने हाच आधार आहे, पण शिक्षा अंतिम झाल्याशिवाय हुकूमनामा मिळत नाही.

म्हणून मला परस्पर संमतीचा रस्ता बरा वाटतो. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं.

आता कागद. वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, बंद्याची सही किंवा अंगठा आणि त्याखाली तुरुंगाधिकाऱ्यांचं साक्षांकन, म्हणजे सही खरी असल्याचा शिक्का, लागतं. अर्जाच्या एका पानावरची सही राहिली तरी सगळा गठ्ठा पुन्हा आत पाठवावा लागतो. सहीच्या जागी आधीच पेन्सिलने खुणा कराव्यात. विरुद्ध पक्ष आत असेल, तर पत्त्यात तुरुंगाचं नाव घालावं, कारण समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत बजावता येतं. घरचा जुना पत्ता दिला की बजावणीवरच वाद उभा राहतो. बंद्याला तळोज्याहून नाशिकरोडला हलवलं, तर कोर्टाला लगेच कळवावं.

समन्स हाती पडलं की ते उशाखाली ठेवून देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हजेरी नाही म्हणून निकाल एकतर्फी होतो आणि तो रद्द करून घ्यायला तीसच दिवस असतात. वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. कौटुंबिक दाव्यासाठीही! हेल्पलाइन 15100.

साक्षीसाठी बंद्याला कोर्टात आणायचं तर पोलिस गार्ड लागतो, आणि त्याचा खर्च अर्जदाराला भरावा लागू शकतो. गार्ड नाही म्हणून तारीख वाया जाते. तुरुंग पंचवीस किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकरवी कोर्टाबाहेर, साक्ष घेणं का पुरणार नाही, हे कोर्टाला पटवावं लागतं. त्यापेक्षा व्हीसीचा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घेण्याचा, अर्ज वेळेत द्यावा.

पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा सगळे लिहितात. मुलाला मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, कोण आणणार, किती दिवसांनी, फोन कधी, हे मात्र संमतीच्या अटींत राहून जातं. मग त्यासाठी वेगळा अर्ज, पुन्हा वकीलपत्र, पुन्हा शिक्का. मूल तोवर वाट बघत असतं.