चेकपॉइंट आधी, फाइली नंतर

पर्फोर्सच्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) बॅकअपचा क्रम चुकला की ते रिस्टोअरच्या दिवशीच कळतं. आधी चेकपॉइंट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत), मग डेपोतल्या, म्हणजे सर्व्हरच्या साठ्यातल्या, फाइली. उलट केलंत तर मधे सबमिट झालेल्या बदलाची नोंद डेटाबेसात असते, फाइल मात्र बॅकअपमध्ये नसते. जास्तीची फाइल परवडते, हरवलेली नाही.

रिस्टोअर करताना सर्व्हर बंद करा आणि 'डीबी'ने सुरू होणाऱ्या डेटाबेसच्या जुन्या फाइली बाजूला हलवा (पुसायची घाई नको). जागेवर राहिल्या तर जुन्या नोंदी नव्यांत मिसळतात. मग 'पी४डी -जेआर' या रिस्टोअरच्या कमांडला चेकपॉइंट द्या, त्यामागून पुढची जर्नल्स (चेकपॉइंटनंतरच्या डेटाबेस बदलांच्या नोंदी) क्रमाने. चालू जर्नल वेगळ्या डिस्कवर हवं ते यासाठीच. डेटाबेससोबत तेही गेलं तर त्यातल्या नोंदी परत येत नाहीत.

लोकांना आत सोडण्याआधी साठ्यातल्या फाइली तपासणारी 'पी४ व्हेरिफाय -क्यू' ही कमांड चालवा. 'मिसिंग' म्हणजे फाइलच नाही, 'बॅड' म्हणजे फाइलीचं एमडी५ (मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा) जुळत नाही.