सुटलेला पीळ आणि मेलाटोनिनचा प्रश्न

रात्रीच्या ड्यूटीला बाई आल्या तेव्हा पोट टम्म फुगलेलं, उलट्या हिरव्या, दोन दिवस वारा सरलेला नाही. बेंबीखाली जुना उभा व्रण, गर्भपिशवी काढल्याचा. एक्स-रेत आतडं अडल्याचं स्पष्ट दिसत होतं. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. बरेच रुग्ण एवढ्यावर सुटतात. पण पहाटे नाडी वाढत गेली, पोटाला हात लावू देईनात, तेव्हा ओ.टी. तयार करायला सांगितली.

आत सुतळीएवढ्या जाडीचा एकच पट्टा होता, आधीच्या ऑपरेशननंतर आतले भाग चिकटून झालेला, जुन्या टाक्यांपासून मेसेंटरीपर्यंत, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यापर्यंत, ताणलेला. त्याखाली वीतभर आतडं पिळून काळंजांभळं पडलेलं. पट्टा कापला, आतडं कोमट सलाइनच्या मॉपमध्ये, म्हणजे जाड कापडी घडीत, गुंडाळलं आणि थांबलो. भूलतज्ज्ञ मॅडमनी ऑक्सिजन वाढवला. मॉप उचलला तर कडेनं गुलाबी छटा चढत होती, मेसेंटरीत बोटाखाली नाडी लागली, मग आकुंचनाची एक लाट सरकत गेली. आतडं वाचलं.

बाहेर त्यांचा मुलगा, बी.एस्सी.ला असलेला. फोनवर वाचून बसला होता. "सर, मेलाटोनिन दिलं तर आतडी परत चिकटत नाहीत म्हणे?"

पोरानं नेमका प्रश्न विचारला होता. मेलाटोनिन हा मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून रात्री स्रवणारा हार्मोन. येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांच्या गटानं 1958 साली तो वेगळा केला. लोकांना तो झोपेसाठी माहीत आहे, पण तो चांगला अँटिऑक्सिडंटही आहे. ऑपरेशनमध्ये पोटाचं नाजूक अस्तर खरचटतं, सुकतं, कुठे रक्तपुरवठा तुटतो. तिथे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू, ज्यांना अँटिऑक्सिडंट निकामी करतो) वाढतात आणि फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर बसतो. तो शरीरानं वेळेत विरघळवला तर ठीक. ती यंत्रणा मंदावली की पहिल्या आठवड्यातच थरात पेशी शिरून कोलॅजनचे चिवट धागे घालू लागतात आणि पट्टा कायमचा होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत मेलाटोनिननं हे चिकटणं कमी झालेलं दिसलं. माणसांत मात्र हा सिद्ध झालेला उपचार नाही. त्यामुळे दुकानातून गोळ्या आणून आईला द्यायच्या नाहीत, हे त्याला बजावलं.

माणसांवर नीट चाचण्या व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. 1990 साली छापलेल्या एका अभ्यासात, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या 210 जणांचं पोट पुन्हा उघडलं तेव्हा 93 टक्क्यांत चिकटलेले भाग सापडले. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचं आतडं जाऊ शकतं.

"मग आज तुम्ही काय केलंत?" त्यानं विचारलं.

आतडं सुकू दिलं नाही, गरजेपुरतंच हाताळलं, साचलेलं रक्त धुऊन काढलं, हातमोजे बिनपावडरचे घातले. पावडरचे कण अस्तराला डिवचतात. अमेरिकेत तसल्या मोज्यांवर 2017 पासून बंदीच आहे.

"परत होईल का?"

होऊ शकतं, म्हटलं. उलटी आणि पोटफुगी एकत्र दिसली, वारा सरेना, की ॲसिडिटीची गोळी देत घरी बसायचं नाही. सरळ इकडे आणायचं. डिस्चार्ज कार्डावरही तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं.