तिसऱ्या रांगेतली रिकामी फरशी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन-तीन पाने लिहून पाठवावीत, असे पत्र समितीकडून आले तेव्हा ग्रंथालय, स्नेहसंमेलन, कवायतीचे मैदान आणि घंटेजवळचा तो पाण्याचा पिंप या सर्वांविषयी थोडेथोडे लिहावे, असाच माझा विचार होता. परंतु चार कागद फाडून झाल्यावर ध्यानात आले की माझ्याजवळ लिहिण्यासारखे खरोखर एकच आहे: 1982 सालच्या पावसाळ्यात आठवी 'क'च्या वर्गाला विज्ञानाच्या बाईंनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी शिकवली, ते दोन आठवडे. बाकीच्या गोष्टींविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. बाईंचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आपल्या शाळेत त्या काळी नुसते 'बाई' म्हटले की कोणत्या बाई असे कोणी विचारत नसे, आणि आपले नाव छापून आलेले त्यांना रुचलेही नसते.

तो धडा खरे तर आम्हाला पुढच्या इयत्तेत होता. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सारणीचा कापडी तक्ता वर्षानुवर्षे टांगलेला होता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नावे आलेल्या पत्राकडे पाहावे तसे आम्ही त्याच्याकडे पाहत असू. पहिल्या दिवशी बाईंनी तो तक्ता उतरवला, गुंडाळला आणि कपाटावर ठेवून दिला. "हा आधी पाहिलात तर तुम्ही तो पाठ कराल," एवढेच त्या म्हणाल्या, आणि फळ्यावर त्यांनी एक चाळ काढली.

चाळ कशी असते हे लालबाग-परळच्या मुलांना कोणी शिकवायला नको होते. बाईंनी विचारले, गॅलरीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात तर काय दिसते? आम्ही सांगितले, दर दाराला वेगळे माणूस: एक मालवणचा, पलीकडचा साताऱ्याचा, त्याच्या पलीकडचा सदा भांडणारा, आणि अगदी टोकाला दार लावून बसणारा, जो कोणाकडे काही मागत नाही आणि कोणाला काही देत नाही. मग त्यांनी विचारले, मोरीचा पाइप धरून वरून खाली आलात तर? यावर वर्गात हशा पिकला, कारण त्या पाइपावरून होणारी भांडणे प्रत्येकाच्या घरची होती. एकाखाली एक असलेल्या खोल्यांना मोरी एकाच बाजूला, खिडकी एकाच दिशेला, ऊन एकाच वेळी आणि पाइप तुंबला की त्रासही एकसारखाच. गॅलरी म्हणजे आवर्त, सारणीतली आडवी रांग, आणि पाइप म्हणजे गण, उभी रांग, हे बाईंनी त्यानंतर सांगितले. आज चाळिशी लावून हे लिहितानाही 'गण' हा शब्द लिहिला की मला प्रथम मोरीचा पाइपच दिसतो.

ही उपमा कोठवर न्यायची आणि कोठे सोडून द्यायची, हेही बाई सांगत असत, आणि माझ्या मते शिक्षक म्हणून त्यांचा मोठेपणा त्यातच होता. खऱ्या चाळीत प्रत्येक मजल्यावर खोल्या सारख्याच असतात. या चाळीत मात्र पहिल्या मजल्यावर दोन, मग आठ, आठ, अठरा, अठरा आणि बत्तीस. शिवाय ही चाळ वरून खाली मोजायची. हायड्रोजनला त्यांनी जिन्याखाली राहणारा भाडेकरू ठरवले होते, कारण त्याचा एक हात सोडियमसारखा असला तरी तो धातू नसून वायू आहे, आणि त्याचे नाव नेमक्या कोणत्या खोलीवर लावायचे यावर मोठमोठ्या लोकांचेही एकमत नाही. (संयुजेला, म्हणजे अणूच्या दुसऱ्या अणूंशी जोडले जाण्याच्या क्षमतेला, बाई सुरुवातीला 'हात' म्हणत. पुढे परीक्षेत मी एकदा 'कार्बनला चार हात असतात' असे लिहून आलो आणि अर्धा गुण गमावला; पेपर तपासणारे दुसरे होते.)

सोडियमचा प्रयोग मात्र त्यांनी कोणतीही उपमा न देता दाखवला. रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने काढलेला तो तुकडा त्यांनी सुरीने साबणासारखा कापला, कापलेला भाग क्षणभर चांदीसारखा चमकून आमच्या डोळ्यांदेखत मळला, आणि मसुराच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात पडताच तो सूं सूं करीत पृष्ठभागावर धावू लागला. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब होते, त्यामुळे तो जेथून जाई तेथे गुलाबी वाट उमटत असे. शाळेकडे पोटॅशियम नव्हते, आणि असते तरी बाईंनी ते बाटलीबाहेर काढले नसते. त्यांनी फक्त विचारले की याच पाइपावर खालच्या मजल्यावर राहणारा कसा वागेल. "याच्याहून तापट," असे कोणीतरी म्हणाले. मग वरच्या मजल्यावरचा लिथियम? "जरा शांत." बाईंनी खडू खाली ठेवला. न पाहिलेल्या दोन धातूंचे वागणे आम्ही बरोबर सांगितले होते आणि त्यासाठी कोणीही काही पाठ केले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोकाजवळच्या हॅलोजनांकडे नेऊन आमची जिरवली, कारण तेथे हिशेब उलटा होता: सर्वांत वरचा फ्लोरीन सर्वांत आक्रमक आणि खाली येता येता स्वभाव निवळत जातो, शिवाय फ्लोरीन व क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि खरचटलेल्या गुडघ्यावर ज्याचे टिंक्चर लावतात तो आयोडीन स्थायू.

आता ज्या दिवसासाठी हे सारे लिहावयास घेतले त्या दिवसाकडे येतो.

त्या वर्षी 18 जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू होता. वडील घरी होते. आई स्टोव्हवर डबे करू लागली होती, आणि भायखळ्याला सहा डबे पोचवून मी चालत परत येईपर्यंत दुपारच्या शाळेचा पहिला तास बहुधा अर्धा होऊन गेलेला असे. त्या दिवशी पाऊसही होता. मी दाराशी पोचलो तेव्हा बाके भिंतीला लावलेली होती आणि निम्मा वर्ग शहाबादी फरशांवर, एका फरशीवर एक, असा तीन रांगांत उभा होता. प्रत्येकाने छातीशी एक पत्ता धरलेला होता. उरलेला निम्मा वर्ग बाकांवर उभा राहून सूचना ओरडत होता.

ते पत्ते बाईंनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर स्वतः लिहिलेले होते. पत्त्यावर नाव नव्हते. फक्त अणुभार, किती हात, आणि स्वभावाची एक ओळ. हलक्यापासून जडापर्यंत उभे राहायचे आणि हात व स्वभाव रांगेतल्या पहिल्याशी जुळले की नवी रांग धरायची, एवढाच नियम होता. टोकाला दार लावून बसणाऱ्यांना त्या दिवशी पत्ते नव्हते, त्यामुळे पहिल्या दोन रांगा सात-सात जणांच्या बिनतक्रार लागल्या. तिसऱ्या रांगेत कॅल्शियमनंतर येणारी दहा मूलद्रव्ये बाईंनी त्या दिवसापुरती बाजूला ठेवली होती. त्यानंतर 70 भाराचा, तीन हातांचा मुलगा ॲल्युमिनियमखाली उभा राहिला, आणि त्याच्या पुढचा, 75 भाराचा, साहजिकच शेजारच्या फरशीवर, म्हणजे सिलिकॉनखाली जाऊन उभा राहिला. तेथे गोंधळ झाला. त्याच्या पत्त्यावर 'तीन किंवा पाच हात, फॉस्फरससारखा, विषारी' असे होते आणि डोक्यावर मात्र चार हातांचा, वाळूत सापडणारा. बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला की त्याने एक फरशी पुढे सरकावे. तो म्हणत होता की माझा नंबर आहे, मी का सरकू. शेवटी तो सरकला, त्याच्यामागचे दोघेही सरकले, आणि सगळेच फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीनच्या खाली चपखल बसले. मध्ये एक फरशी रिकामी राहिली.

नेमका त्याच क्षणी मी दारात, ओली चप्पल हातात घेऊन उभा होतो. उशीर झालेल्याने तास संपेपर्यंत बाहेर थांबावे, अशी शाळेची शिस्त होती. बाईंनी माझ्याकडे पाहिले, रांगेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ये. तुझीच जागा राहिली आहे." मी त्या फरशीवर जाऊन उभा राहिलो. माझ्याजवळ पत्ता नव्हता.

पुढची पंधरा मिनिटे सगळा वर्ग मी कोण आहे हे सांगत होता. माझा भार 70 आणि 75 यांच्या मधला, म्हणजे साधारण साडेबहात्तर. हात चार, कारण वरच्याला चार. मग मी क्लोरीनचे चार अणू धरणार आणि ऑक्सिजनचे दोन. रंग करडा असावा. एका मैत्रिणीने सांगितले की हा अर्धवट धातू असणार, आणि 'अर्धवट' हा शब्द मला दहावीपर्यंत चिकटला. बाईंनी सगळे फळ्यावर उतरवून घेतले आणि त्यानंतर ही सारणी रचणाऱ्या मेंडेलीव्ह या रसायनशास्त्रज्ञाचे नाव प्रथमच उच्चारले.

1869 साली रशियात त्याच्यापुढे हाच घोटाळा होता, असे त्या म्हणाल्या. तेव्हा 63 मूलद्रव्ये ठाऊक होती. रांग मोडू नये म्हणून त्याने पत्ते दडपून बसवले नाहीत, तर जागा सोडल्या, आणि सोडलेल्या जागांना संस्कृतातला 'एक' हा शब्द जोडून नावे दिली: एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. मी एक-सिलिकॉन होतो. त्याने माझा भार 72 सांगितला, रंग करडा सांगितला, घनता 5.5 सांगितली, आणि माझे क्लोराइड 100 अंशांच्या खाली उकळेल असेही सांगितले. 1875 साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले तेव्हा शोधणाऱ्याने त्याची घनता 4.7 कळवली, ज्याने तो धातू कधी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्हने तिकडून सुचवले की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, आणि ती 5.9 निघाली. हे सांगताना बाई अशा खुलल्या की जणू ती चिठ्ठी त्यांच्याच घरून गेली होती. माझी पाळी 1886 साली आली. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाला चांदीच्या एका खनिजाचे पृथक्करण करताना बेरीज काही केल्या 93 टक्क्यांच्या पुढे जाईना. उरलेल्या सात टक्क्यांत मी होतो.

तास संपल्याची घंटा झाल्यावर बाईंनी पर्समधून एक पत्ता काढून माझ्या हाती दिला. त्यावर लिहिले होते: 72.6, चार हात, करडा, जर्मेनियम. सगळ्या पत्त्यांत नाव असलेला तेवढा एकच होता. तो त्यांनी आधीपासूनच बाजूला ठेवलेला असणार. परंतु त्या फरशीवर कोणाला उभे करायचे हे त्यांनी आधी ठरवले होते की मी दारात दिसल्यावर त्यांना सुचले, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही. उशीर का झाला, हे त्यांनी त्या दिवशी आणि त्यानंतरही मला विचारले नाही.

पुढे मी रसायनशास्त्रातच एम.एस्सी. केले आणि आज ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. सलाइनच्या बाटलीत सोडियम आणि पोटॅशियम किती आहे, हे ज्योतीच्या रंगावरून मोजणारे एक यंत्र आमच्याकडे अनेक वर्षे होते. त्याची ज्योत पिवळी झाली की मला आईचा स्टोव्ह आठवे: भाताची खारट पेज उतू जाऊन ज्योतीवर पडली की निळी ज्योत अशीच पिवळी होत असे. ते मिठातले सोडियम, हे सांगणाऱ्याही बाईच.

शाळेत आता मोठा पडदा आला आहे. मागच्या वर्षी आलो असता पाहिले की सारणीच्या कोणत्याही चौकोनावर बोट ठेवले की त्या मूलद्रव्याचे चित्र, भार, शोधाचे साल, सगळे समोर येते. उत्तम आहे. तक्रार अशी नाहीच. परंतु त्यावर मोकळा चौकोन एकही नाही. 2016 साली शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावे मिळाली आणि 118 पर्यंतची सातवी रांग पूर्ण भरली. रसायनशास्त्राच्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा, तसा मलाही झाला. तरीसुद्धा सगळे भाडेकरू आत असलेली ती चाळ आठवीच्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवू नये, असे माझे मत आहे. पडदा बंद करता येतो. बाईंनी तक्ता गुंडाळलाच होता की.

आमची चाळही आता नाही. तेथे टॉवर आहे आणि पुतण्याचे बिऱ्हाड त्यातच अकराव्या मजल्यावर आहे. त्याची मुलगी यंदा आठवीत आहे. दिवाळीच्या सुटीत मोठ्या उत्साहाने तिच्यासमोर कागदावर चाळ काढली, तर तिचा पहिला प्रश्न आला, "आजोबा, मोरी म्हणजे काय?" मी समजावून सांगू लागलो. तिने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, म्हणजे आमच्या 04 सिरीजसारखे: 904, 1004, 1104, सगळ्यांची किचन एकाखाली एक, आणि 1204 वाल्यांचे पाणी गळते ते आमच्याकडेच येते. मजला म्हणजे आवर्त आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे गण. माझ्या चाळीपेक्षा हे सोपे होते, हे मला कबूल करावे लागले. थोडे वाईटही वाटले.

मग मी तिला तो पत्ता दाखवला. शाई तपकिरी झाली आहे आणि एक कोपरा त्या दिवशीच्या पावसाने फुगला, तो तसाच आहे. तिने पुढची बाजू वाचली, उलटून मागची वाचली आणि हे कोणाचे लग्न होते असे विचारले. वधू-वरांची नावे बाईंच्या कात्रीत गेली आहेत. छापील मजकुरापैकी 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' एवढी एकच ओळ शिल्लक आहे.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी समितीने जुन्या वस्तू मागवल्या आहेत. पत्ता मी देणार नाही, याबद्दल क्षमा असावी. मात्र त्या दिवशी तो खिशात घालून येईन, आणि आठवी 'क'च्या खोलीत अजून त्याच शहाबादी फरशा असतील तर तिसऱ्या रांगेतली चौथी कोणती, हे मोजून पाहीन.