सावंतवाडीहून सायबाच्या दारी

बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. बँकांची विलीनीकरणं चालू होती, मुलगी कमावती झाली होती, पैशांचा हिशेब बसत होता. दिवस तेवढा जाता जात नव्हता. साडेनऊ वाजले की पाय चपलांकडे वळायचे आणि जायला ठिकाण नसायचं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचो, घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. प्रार्थनेत मी मनःशांती मागायचो, दुसरं काही सुचायचं नाही.

आमच्या पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या वस्तीतून, नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्याला चालत जाणारा गट निघतो. तिथे २४ तारखेला नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं, गोंयच्या सायबाचं फेस्त, म्हणजे सण, असतो. शेजारचे माळकरी काका याला ‘तुमची वारी’ म्हणतात. मलाही तोच शब्द जवळचा वाटतो. त्या वर्षी मी नाव दिलं.

इन्सुली, बांदा, पत्रादेवीला गोव्याची हद्द, मग धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी. पुढे क्रूस, मागे दोन रांगा, सामान टेंपोत. हायवे रुंद झाला तशी झाडांची सावली गेली, त्यामुळे ऊन चढायच्या आत चालून घ्यावं लागतं. मला काम दिलं होतं सगळ्यांच्या शेवटी राहायचं. मागे पडेल त्याच्याबरोबर चालायचं.

मागे पडल्या त्या एक आजी. नवस होता म्हणून अनवाणी. धारगळला त्यांच्या टाचेचा फोड फुटला. मी पाय धुतला, मलम लावून पट्टी बांधली. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तू बँकेत होतंस मां? माझो अंगठोच लागणा नाय रे.”

हात पुढे केला. काजूच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला. टरफलातलं तेल कातडी खातं. अंगठ्यावर रेषा अशी उरलीच नव्हती, नुसती काळपट, गुळगुळीत कातडी. नवरा सरकारी शिपाई होता, त्याच्या मागे मिळणारं पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि मशीन त्यांना ओळखत नव्हतं. जिवंत बाई समोर उभी असून! दाखला कागदावरही देता येतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी फादरांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे दृष्टांताची गोष्ट, वाचला. दिवस कलताना धनी चौकात येतो आणि रिकाम्या उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही का थांबलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. धनी म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा. किती वेळा ऐकलेला दाखला, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. मी शांती मागत होतो, प्रभू मला कामावर बोलावत होता.

पणजी-रायबंदरचा जुना बांधरस्ता पोर्तुगिजांच्या काळातला. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खारफुटी, आणि सगळ्यांच्या तोंडी ‘नमान मारिये’, मारियामातेची प्रार्थना. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये, संताचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीखाली गुडघे टेकले तेव्हा मला त्या संताची मिरवणूक, वैभव काही आठवलं नाही. १५४२ साली गोव्यात उतरल्यावर तो इस्पितळात रोग्यांची सेवा करायचा आणि घंटी वाजवत गल्ल्यांतून पोरांना धर्मशिक्षणाला गोळा करायचा, तेवढंच आठवलं. १५५२ साली चीनच्या दारात त्याला मरण आलं, तेव्हा तो फक्त शेचाळीस वर्षांचा होता. माझ्याहून लहान.

आता मिस्सा सुटली की मी पॅरिश हॉलमध्ये टेबल मांडून बसतो. दाखले, नॉमिनेशन, वारसाचे अर्ज, धर्म कोणताही असो. माळकरी काकांचा दाखलाही तिथेच झाला. वयाची ऐंशी ओलांडलेल्यांचे दाखले ऑक्टोबरपासून चालतात, म्हणून तेव्हाच सुरुवात करतो. चालायला निघण्याआधी सगळे उरकायचे असतात. आपल्या भागात कोणी नुकतंच व्हीआरएस घेऊन घरी बसलं असेल तर जरूर भेटा. टेबलापाशी एक माणूस कमी पडतो, आणि वारीत शेवटच्या रांगेतही.